एक्केचाळीस तुकड्यांची गल्ली

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षकाची नोकरी केलेल्या माणसाला लोक दुसरं काय नाव ठेवणार? ऑफिसात त्यांना समोर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'मिलिमीटर'. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून आवडतही होतं. पुढे गल्लीतल्या कुणीतरी त्याला 'राव' जोडला आणि 'मिलिमीटरराव' हे नाव जे चिकटलं ते चिकटलंच. दुकानदाराच्या काट्यात चिमूटभर खोट असली तरी ती त्यांच्या नजरेतून सुटत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर केसभर कललेलं असलं तर त्यांना घास उतरत नसे.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली शिवणकाकू म्हणायची. पुढच्या खोलीत खिडकीशी काकूंचं शिवणयंत्र होतं. कॉलर उलटवून द्या, पँट आखूड करा, पडद्यांना पट्टी लावा, शाळेचे गणवेश शिवा, असली कामं तिथे अठ्ठावीस वर्षं चालू होती. काकू टेप वापरायच्या, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याची छाती, खांदा, बाही सगळं त्यांच्या डोळ्यांनी मोजून झालेलं असायचं. यावरून नवराबायकोत नेहमीचा वाद.

"अंदाज म्हणजे माप नव्हे," मिलिमीटरराव म्हणायचे.

"तुमच्या अंगातला शर्ट अंदाजानेच बसलाय," काकू म्हणायच्या आणि सुईत दोरा ओवायच्या.

निवृत्ती जवळ आली तसं मिलिमीटररावांनी जाहीर करून टाकलं, की आपण आता लाकडी जोडकोडी बनवणार. त्याचं मूळ बरंच जुनं होतं. खिळे-बिजागऱ्या तोलून विकणाऱ्या एका दुकानात काटा तपासायला गेले असताना त्यांना तिथे एक लाकडी हत्ती दिसला होता. तळहाताएवढा, सात तुकड्यांचा, एकात एक अडकवलेला. त्यांनी तो सहज म्हणून सुटा केला आणि मग पाऊण तास त्यांना तो जोडता येईना. साहेब इतका वेळ गप्प बसून काय शोधताहेत, या धास्तीने दुकानदाराला घाम फुटला. शेवटी हत्ती चार पायांवर उभा राहिला, साहेब हसले आणि दुकानदाराचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून तो हत्ती रावांच्या डोक्यात जाऊन बसला होता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात स्क्रोल सॉ घरी आली. म्हणजे विजेवर चालणारी छोटी करवत. लोखंडी टेबलाच्या मधोमध एक भोक, त्यातून उभं, दोऱ्यासारखं बारीक पातं, आणि ते पातं जागच्या जागी भरभर वरखाली होणार. करवत हलत नाही, लाकूड हलवायचं. यंत्र पुढच्याच खोलीत, काकूंच्या समोरच्या भिंतीला लागलं. हौशी लाकूडकाम करणाऱ्यांचा एक क्लब शहरात होता, तिथेही राव सभासद झाले. ओळखपत्र करून आणलं, खिशाला अडकवायचा चिमटा लावून.

आणि मग सगळं फसत गेलं.

हत्तीचं चित्र प्लायवूडवर डकवून ते कापायला बसायचे. रेषा सरळ, पण पातं मात्र उजवीकडे ओढ घ्यायचं. राव लाकूड रेटून पुन्हा रेषेवर आणायचे, की पातं 'टण्ण' करून तुटायचं. पहिल्या हत्तीला सोंड उरली नाही. दुसऱ्याचा कान गेला. तिसरा शेजारच्या औषधवाल्याने हातात घेतला आणि म्हणाला, "वा! डुक्कर छान जमलंय." रावांनी पात्यांच्या कंपनीला तीन पानी तक्रार लिहिली, सोबत आकृती जोडली.

"नाचता येईना अंगण वाकडं," काकू यंत्राकडे बघतच पुटपुटल्या.

"काही म्हणालीस?"

"दोरा संपला म्हटलं."

त्याच आठवड्यात लाकडाचा भुसा उडून गणवेशाच्या सहा पांढऱ्या शर्टांवर बसला. काकूंनी ते सहाच्या सहा पुन्हा धुतले, वाळवले, इस्त्री केले, आणि एक शब्द बोलल्या नाहीत. रावांना बोलणं परवडलं असतं.

एके दिवशी दुपारी चष्म्याची काडी बसवून घ्यायला राव बाहेर पडले. तासाभराने परतले, तर जिन्यातच त्यांना आवाज आला. त्यांच्या हाताखाली ते यंत्र ठसका लागल्यासारखं चालायचं, चालू, बंद, चालू, टण्ण. आता मात्र एकसारखी, तब्येतीत लागलेली गुरगुर ऐकू येत होती. चपला न काढताच ते दारात उभे राहिले.

करवतीसमोर काकू बसल्या होत्या. गळ्यात टेप तशीच. दोन्ही हातांचे पंजे लाकडावर सपाट ठेवलेले, आणि लाकूड त्यांच्या हाताखाली असं फिरत होतं की जणू ते मऊ कापड आहे. हत्तीच्या कानापाशी टोकदार कोपरा होता. तिथेच रावांची निम्मी पाती गेली होती. काकू कोपऱ्यावर आल्या, रेटा सोडला, पातं जागच्या जागी नाचू दिलं, दोन बोटांनी लाकूड गर्रकन वळवलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडल्या. पातं शाबूत.

"अगं, हात जाईल!" राव ओरडले.

"सुईखाली अठ्ठावीस वर्षं नाही गेला. ओरडू नका, कान चुकेल."

कान पुरा झाला, मगच त्यांनी बटण दाबून यंत्र बंद केलं. रावांना सुचलं ते नेमकं चुकीचं.

"हात लावायच्या आधी विचारायचं तरी."

"माझी कापडाची कात्री घेऊन दुधाची पिशवी कापता, तेव्हा विचारता?"

रावांनी हत्ती हातात घेतला. सोंड होती, दोन्ही कान होते, शेपटीचा गोंडासुद्धा होता. "पातं उजवीकडे कसं नाही गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं की. जाऊ दिलं. लाकूडच जरा तिरकं धरलं. माझं पहिलं मशीन असंच कापड ओढायचं, त्याच्याशी भांडून थोडंच भागतं? आणि कोपऱ्याला कॉलरसारखंच आहे बघा. सुई कापडात ठेवायची आणि कापड फिरवायचं."

त्या दिवशी जेवताना राव नुसता भात कालवत राहिले. बोलून चालून हौस त्यांची, यंत्र त्यांचं, तीन महिने घाम त्यांनी गाळला, आणि बायकोने एका दुपारीत, तेही कपडे इस्त्रीला जाईपर्यंतच्या फावल्या वेळात, बाजी मारली होती. कानामागून आली आणि तिखट झाली, असं त्यांच्या मनात आलं. पण हत्ती त्यांनी उशाशी घेतला होता, हेही खरं.

सकाळी उठून ते तो सुटा करत बसले, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. प्रत्येक तुकडा वरच्या बाजूने सहज निघत होता. खालच्या बाजूने ढकलला की अडकायचा. एकतीस वर्षांचा निरीक्षक खडबडून जागा झाला. त्यांनी काटकोन तपासायचा गुण्या काढला, पात्याला लावून धरला, डोळा बारीक केला. टेबल अर्ध्या अंशाने कललेलं होतं. पातं लाकडातून उभं जात नव्हतं, किंचित तिरपं जात होतं, म्हणून प्रत्येक तुकड्याची एक बाजू रुंद होत होती. राव तासभर टेबलाखाली आडवे पडून राहिले. स्क्रू सैल केला, आवळला, पुन्हा सैल केला. मग म्हणाले, "आता काप."

काकूंनी साधी नागमोडी रेघ कापली. दोन तुकडे झाले. त्यांनी एक वरून काढला, खालून घातला, पुन्हा वरून काढला.

"अहो, हे तर लोण्यासारखं सरकतंय!"

"काटकोन," राव म्हणाले. एवढाच शब्द, पण अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

तिथून दोघांचं जमलं. पात्याचा ताण, टेबलाचा कोन, लाकडाची जाडी, घासकागदाचे नंबर हे रावांचं खातं. काकूंना दोन्ही हात मोकळे हवे होते, तर त्यांनी शिवणयंत्रासारखा पायाचा स्विच जोडून दिला. भुशासाठी जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी बसवली, तेव्हा पांढरे शर्टही वाचले. आणि कापणं काकूंचं. नंतर नंतर काकू छापील चित्रांना कंटाळल्या. ब्लाउजचं कटिंग काढावं तसं वर्तमानपत्रावर खडूने स्वतःच काढायला लागल्या. पोटाखाली सात पिल्लं घेतलेली कोंबडी, शेपटीवर डोकं ठेवून झोपलेली मांजर.

मांजर टेबलावर होती, तेव्हाच औषधवाला आला होता. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. "साहेब, मानलं तुम्हाला! म्हणजे ते डुक्कर नुसता सराव होता म्हणायचा. निवृत्ती कारणी लावलीत बुवा."

आता इथे एक वाक्य बोलायचं होतं, 'ही आमच्या हिने कापली.' चार शब्द. राव ते बोलले नाहीत. "चाललंय आपलं," एवढं म्हणून हसले. आतल्या खोलीत काकू कपाटात घड्या रचत होत्या. दार उघडं होतं. घड्या रचण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

औषधवाल्याला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. आठ दिवसांत रावांच्या हातातली कला घरोघर झाली.

त्या हिवाळ्यात काकूंनी गल्ली करायला घेतली. पोस्टकार्डाच्या चौपट मोठी, चांगली बोटभर जाड फळी रावांनी आणून दिली. काकूंनी खिडकीतून जे रोज दिसायचं तेच त्या फळीवर उतरवलं. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर वाकलेला न्हावी. दुकानाच्या फळीवर कोपर टेकून बाहेर डोकावणारा औषधवाला. खुर्चीत हनुवटी छातीवर टेकून झोपलेला वॉचमन. एका सायकलवर दोघी जुळ्या बहिणी. कुत्रा ओढत नेतोय की बाई कुत्र्याला नेतेय हे कळू नये अशी ती तिसऱ्या मजल्यावरची बाई. आणि एका कोपऱ्यात, दुमडती मोजपट्टी उघडून, कमरेत वाकून पायरीची उंची मोजणारे मिलिमीटरराव. एकूण एक्केचाळीस तुकडे. सगळे एकमेकांत अडकून चौकट भरायची, आणि प्रत्येक तुकडा बाहेर काढला तर आपल्या पायांवर उभा राहायचा. न्हाव्याचं कोपर औषधवाल्याच्या पाठीत बसायचं, कुत्र्याची शेपटी वॉचमनच्या खुर्चीखाली. पाच आठवडे लागले. गणवेशांची घाई असायची त्या दिवशी काकू करवतीला हात लावत नसत, पण बाकी दिवशी दुपारची झोप त्यांनी सोडलीच.

शेवटचा तुकडा बसला. मग रावांनी मोजपट्टी काढून स्वतःच्या आकृतीची उंची मोजली.

"काय मोजताय?"

"काही नाही. मी खरंच इतका वाकतो?"

"जास्तच. लाकूड पुरलं नाही."

क्लबचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं होतं. राव प्रवेशिका घेऊन बसले. 'कलाकृती: गल्ली. तुकडे: ४१.' पुढचा रकाना नावाचा. पेन तिथे थांबलं.

"सभासदाच्याच नावाने द्यावी लागते," ते म्हणाले.

काकू काज करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग तुमचंच घाला. मला कुठे मिरवायचंय?"

"बरं," राव म्हणाले आणि लिहून मोकळे झाले. इतक्या पटकन, की शाई वाळायच्या आत त्यांचं त्यांनाच ते जाणवलं. पण लिहिलं ते लिहिलं.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. लांबलचक टेबलं, त्यावर निळं कापड. कुणी केलेलं घड्याळ, कुणाची बुद्धिबळाची पेटी, कुणाची फळांची परडी. 'गल्ली' चौदा नंबरच्या टेबलावर होती, आणि सकाळपासून चौदा नंबरपुढची गर्दी हटत नव्हती. लोक न्हावी बाहेर काढत, परत बसवत, हसत. राव टेबलामागे खिशाला ओळखपत्र लावून उभे. काकू तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर, मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या.

परीक्षक एक म्हातारे मिस्त्री होते. पन्नास वर्षं फर्निचर केलेला माणूस, उजव्या तर्जनीचं वरचं पेर कधीच यंत्रात गेलेलं. त्यांनी 'गल्ली'चा एक तुकडा काढून त्याच्या कडेवरून ते आखूड बोट फिरवलं. मग दुसरा. मग चष्मा कपाळावर चढवला.

"या कोपऱ्यांना कुठे जळल्याची खूण नाही. पातं थांबवून वळलात की चालतं ठेवून?"

"चालतं ठेवून," राव म्हणाले. "म्हणजे रेटा सोडायचा आणि, हे, लाकूड फिरवायचं."

"किती बोटांनी?"

आता ही काय विचारायची गोष्ट झाली? रावांना उत्तर माहीत होतं, रोज पाहिलेलं होतं. तरी त्यांच्या तोंडून निघालं, "ते आपलं… अंदाजाने." आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द त्यांनी कामाच्या ठिकाणी वापरला. मिस्त्रींनी त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"हे कोण, मोजपट्टीवाले?"

"मी."

"तरीच. आणि सगळी गल्ली आहे म्हणता. कुणी राहिलं नाही?"

"छे, सगळे आहेत," असं म्हणत राव एकेका तुकड्यावर बोट ठेवू लागले. न्हावी, औषधवाला, वॉचमन, जुळ्या. खिडक्या होत्या, पायऱ्या होत्या, कुत्रासुद्धा होता. बोट चौकटीच्या कडेला जाऊन थांबलं. पहिल्या मजल्यावरच्या ज्या खिडकीतून ही अख्खी गल्ली दिसत होती, ती खिडकी तिच्यात नव्हती. त्या खिडकीतली बाईही नव्हती. पाच आठवडे हे चित्र डोळ्यांसमोर होतं, केसभर कललेलं कॅलेंडर ज्यांना खुपतं त्यांना एवढं दिसलं नव्हतं.

थोड्या वेळाने व्यासपीठावर माइक खरखरला. क्लबचे सेक्रेटरी घाईचे गृहस्थ होते. मिस्त्रींनी हातात दिलेली चिठ्ठी वाचून त्यांनी जाहीर केलं, पहिला क्रमांक, 'गल्ली'. टाळ्या झाल्या. "साहेबांनी वर यावं, आणि दोन मिनिटं यंत्रावर प्रात्यक्षिक दाखवावं, ही विनंती."

राव पायऱ्या चढले. समोर दोनेकशे माणसं. बाजूला करवत मांडून ठेवलेली. एकतीस वर्षं त्यांनी खोटी वजनं पकडली होती. वरून किलोचा शिक्का, आत शिसं काढून पोकळ केलेलं. हातात घेतलं की त्यांना कळायचं. आज लोक त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते, आणि आपण आतून किती पोकळ आहोत हे त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. एकट्याला नाही, तिसऱ्या रांगेतही ठाऊक होतं.

त्यांनी माइक घेतला.

"प्रात्यक्षिक मला दाखवता येणार नाही," ते म्हणाले. "मला कापता येत नाही. मी कापलेल्या हत्तीला लोक डुक्कर म्हणतात. 'गल्ली' माझ्या बायकोने कापलीय. चित्रही तिचंच. फॉर्मवर नाव माझं आहे, ते चुकीचं आहे. चूक माझी."

सेक्रेटरी कानाशी येऊन कुजबुजले, "साहेब, अहो, सभासदाशिवाय प्रवेशिका बाद होते. कशाला उगाच…"

"मग बाद करा," राव माइकमध्येच म्हणाले. "पण प्रात्यक्षिक बघून घ्या. अगं, ये ना वर."

काकूंनी जागेवरूनच जोरात मान हलवली. शेजारच्या बायका त्यांना उठवू लागल्या. शेवटी मिस्त्रीच खाली गेले आणि म्हणाले, "ताई, मला तो कोपरा बघायचाय. मेहेरबानी करा." तेव्हा काकू उठल्या.

वर येऊन त्यांनी पर्स नवऱ्याच्या हातात दिली. जवळचा चष्मा लावला. पात्याला नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "सैल आहे." रावांनी लगेच खिटी आवळली. काकूंनी पुन्हा टिचकी मारली, मान डोलावली. फळीच्या तुकड्यावर चित्र नाही, रेषा नाही. बटण दाबलं आणि त्या कापू लागल्या.

आणि राव बोलू लागले. पर्स काखेत, माइक हातात. "हे बघा, आता पाठ चाललीय. कोंबडीची पाठ. पातं उजवीकडे ओढतं, म्हणून फळी तिरकी धरलीय, दिसतंय का मागे? आता चोच येईल. चोचीला बघा, चोचीला बघा! रेटा सोडला… वळवलं… दोन बोटांनी! मिस्त्री, दोन बोटांनी!" सामन्याचं समालोचन करावं तसा त्यांचा आवाज चढत गेला. आजवर कुठल्याही अहवालात, कुठल्याही निरोपसमारंभात ते असे बोलले नव्हते. मागच्या रांगा उठून पुढे आल्या. अकरा मिनिटांत एकदाही न थांबता सात पिल्लांची कोंबडी कापून झाली. काकूंनी पिल्लं एकेक करून बाहेर काढली आणि टेबलावर रांगेत उभी केली. सातवं जरा डुललं आणि उभं राहिलं.

टाळ्या पडल्या त्या आधीच्या टाळ्यांसारख्या नव्हत्या. रावांनाही वाजवायच्या होत्या, पण हात पर्स आणि माइकने अडलेले. त्यांनी पर्सवरच थाप मारायला सुरुवात केली.

नियम तो नियम. प्रवेशिका बाद झाली, पहिलं बक्षीस घड्याळवाल्याला गेलं. सेक्रेटरींनी काकूंना तिथल्या तिथे सभासदत्वाचा फॉर्म दिला. या वेळी नावाच्या रकान्यात काकूंनी स्वतः लिहिलं.

घरी जाताना काकू चार पावलं पुढे. राव चौकट छातीशी धरून मागे. पहिल्या वळणापर्यंत त्यांना वाटत होतं, आता काहीतरी चांगलं ऐकायला मिळणार.

"चारचौघांत मला उभं केलंत," काकू म्हणाल्या. "न विचारता."

"अगं, पण मी खरं…"

"खरं बोललात, चांगलं केलंत. पण ते तिथे व्यासपीठावर का? औषधवाला घरात आला होता तेव्हा का नाही? त्या दिवशी फॉर्म भरताना मी म्हटलं तुमचं घाला. तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं, नको, तुझंच घालू. एकदा. मी नकोच म्हटलं असतं. पण तुम्ही 'बरं' म्हणालात."

राव चौकट धरून उभे राहिले. मग म्हणाले, "चुकलं माझं. लोकांसमोर म्हटलं तेव्हा सोपं गेलं. हे जड जातंय."

काकूंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "जाऊ दे आता. चौकट सरळ धरा, न्हावी पडेल."

घराच्या वाटेवर औषधवाल्याचं दुकान लागायचं. राव तिथे थांबले. दोन गिऱ्हाइकं पुढे होती तरी मोठ्याने म्हणाले, "ती मांजर हिने केली होती बरं का. आणि हे सगळंही हिनेच." औषधवाला कोपर टेकून बाहेर डोकावला, चौकटीतल्या स्वतःला बघून आ वासून राहिला आणि म्हणाला, "वहिनी, माझं पोट एवढं आहे?" काकू हसल्या, आणि रावांच्या छातीवरचा दगड बाजूला झाला.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री घरी आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली अक्रोडाची फळी. "वीस वर्षं जपून ठेवली होती," ते म्हणाले. "माझ्या हातून आता व्हायचं नाही. ताई, तुम्ही कापा, मी बघत बसतो. तो कोपरा नीट बघायचा राहिला माझा."

काकूंनी फळीवरून हात फिरवला. उत्तम कापड बघताना फिरवायच्या तसाच. खुर्ची सरकवून मिस्त्रींना जवळ बसवलं. राव चहा टाकायला आत गेले. आतून त्यांना बायकोचा आवाज ऐकू येत होता.

"माझं कौतुक करताय, पण तुकडे दोन्ही बाजूंनी सरकतात ना, ते यांच्यामुळे. टेबल हे लावतात. मला नुसतं वळवता येतं. ते यांनी एवढं नेमकं केलं नसतं, तर ती गल्ली चौकटीत बसलीच नसती. आमच्याकडे मोजमाप म्हणजे हेच. यांच्यासारखं कुणाला जमत नाही."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मिलिमीटररावांनी कधी ऐकलेलं नव्हतं. ते गाळणं हातात धरून उभेच राहिले. चहा उतू गेला, शेगडी विझली, तरी त्यांना पत्ता नाही. पुसून, पुन्हा टाकून, तीन कप घेऊन ते बाहेर आले, तेव्हा चेहरा अगदी गंभीर ठेवला होता, पण कान लाल झाले होते.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "टेबल किती काटेकोर लावता हो?"

कप खाली टेकायच्या आत रावांनी खिशातून गुण्या काढला. "त्याचं असं आहे मिस्त्री, नव्वद अंश म्हणजे नुसतं नव्वद म्हणून भागत नाही. आधी पात्याचा ताण, मग…"

काकूंनी चहाचे दोन घोट घेतले, फळी टेबलावर ठेवली आणि पायाने स्विच दाबला.